हिमकणाचें छायाचित्र

आपल्याकडील मुलांना आकाशांतून पडणारें बर्फ ठाऊक असतें तें गारांच्या रूपानें. चैत्र-वैशाखांत एखाद्या दुपारीं आभाळ भरून येतें, वारा सुटतो, आणि पत्र्यावर ताडताड आवाज होऊं लागला कीं घरांतील पोरें वाटी घेऊन अंगणांत धांवतात. गार हातांत घ्यावी, तोंडांत टाकावी, आणि ती विरघळली कीं दुसरी शोधावी, एवढाच तो सोहळा. परंतु हिमालयांत, युरोपांत किंवा उत्तर अमेरिकेंत हिंवाळ्यांत जें हिम पडतें तें गारेचें भावंड असलें तरी त्याचा जन्म निराळा. गार म्हणजे ढगांतील पाणी थिजून थरावर थर चढत गेलेला गोळा. हिमकण तसा होत नाहीं. ढगांतील थंड हवेंत एखाद्या अतिसूक्ष्म धूलिकणाभोंवतीं प्रथम बर्फाचें बीज जमतें, आणि मग भोंवतालची वाफ, पाणी होण्याची वाट न पाहतां, सरळ घनरूप होऊन त्या बीजावर येऊन बसते. पाकांत सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे वाढत जावेत, तसा हा स्फटिक हवेंतल्या हवेंत वाढत जातो.

या स्फटिकाला बहुधा सहा बाजू असतात. पाण्याचे रेणु बर्फाच्या स्थितींत येतात तेव्हां ते षट्कोनी जाळीच्या मांडणीनें एकमेकांस धरून बसतात. मधमाशांच्या पोळ्यांतील घरें डोळ्यांपुढें आणलीं म्हणजे ही मांडणी ध्यानांत येईल. आरंभीं एक चिमुकली षट्कोनी चकती तयार होते. तिचे सहा कोपरे बाहेर आलेले असल्यामुळें त्यांना वाफ अधिक मिळते, ते अधिक वेगानें वाढतात, आणि पुढें त्या कोपऱ्यांचेच सहा पंख होतात. सहाहि पंख एकाच हवेंतून, एकाच थंडींतून, एकाच वेळीं खालीं येत असल्यामुळें त्यांची वाढ पुष्कळशी सारखी होते. अशा रीतीनें जमिनीवर उतरतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा एक तारा. तळहाताची ऊब लागली कीं त्याचा थेंब होतो, आणि थेंब झाला कीं त्याच्या सर्व नक्षीची मागमूसहि उरत नाहीं.

जी वस्तु डोळ्यांदेखत नाहींशी होते तिचें चित्र घ्यावयाचें कसें, हा प्रश्न फार जुना आहे. ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा ज्योतिर्विद केप्लर यानें १६११ मध्यें षट्कोनी हिमावर एक लहानसें लॅटिन पुस्तक लिहून तें आपल्या आश्रयदात्यास नववर्षाची भेट म्हणून दिलें. हिमकणाला सहाच कोन कां, पांच किंवा सात कां नाहींत, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. १६६५ मध्यें रॉबर्ट हुक यानें सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसलेल्या वस्तूंचें आपलें प्रसिद्ध पुस्तक छापलें, त्यांत हिमकणांच्या आकृतींनाहि स्थान दिलें. जपानमध्यें कोगा प्रांताचा अधिपति दोइ तोशित्सुरा यानें सूक्ष्मदर्शकाखालीं अनेक हिंवाळे हिमकण पाहिले आणि १८३२ मध्यें ८६ आकृतींचें पुस्तक सिद्ध केलें. त्या आकृति लोकांना इतक्या आवडल्या कीं त्या वस्त्रांवरील नक्षींतहि उतरल्या. पण हीं सर्व चित्रें हातानें काढलेलीं. डोळा यंत्राला आणि हात कागदाला, अशा धांदलींत चित्रकार दोन पंख नीट पाही, आणि उरलेले चार बहुधा त्या दोहोंवरून पुरे करी. कारण तोंवर मूळ हिमकण विरघळून गेलेला असे. हिमकणाचें सगळें अंग एकदम आणि जसेंच्या तसें टिपणारें साधन फोटोग्राफीचा शोध लागेपर्यंत कोणापाशींच नव्हतें.

तें साधन हिमकणापर्यंत ज्यानें यशस्वी रीतीनें पोंचविलें तो ना विद्यापीठांतला पंडित होता, ना धनिक. अमेरिकेच्या उत्तर भागांत व्हरमाँट नांवाचें डोंगराळ संस्थान आहे. तेथील जेरिको या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं ९ फेब्रुवारी १८६५ रोजीं विल्सन बेंट्ले याचा जन्म झाला. त्याची आई लग्नापूर्वीं शिक्षिका होती. तिनेंच त्याला चौदा वर्षांचा होईपर्यंत घरीं शिकविलें. शाळेंत शिकवीत असतांना तिनें वापरलेलें एक लहानसें सूक्ष्मदर्शक यंत्र घरांत पडून होतें. पंधराव्या वर्षीं तें मुलाच्या हातीं आलें. इतर पोरें बंदुकी व गलोली घेऊन हिंडत, त्या वयांत हा पीस, पाकळी, खडा, पाण्याचा थेंब असें जें हातीं लागेल तें भिंगाखालीं धरूं लागला. आणि एके दिवशीं त्यानें हिमकण धरला. पुढचे तीन हिंवाळे तो भिंगांतून पाहून हिमकणांच्या शेंकडों आकृति काढीत बसला. परंतु एकहि आकृति त्याच्या मनास येईना. जें दिसलें तें कागदावर उतरलें नाहीं, आणि जें उतरलें तें पुन्हां ताडून पाहण्यास मूळ वस्तु शिल्लक नाहीं, अशी त्याची स्थिति झाली.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून छायाचित्र घेतां येतें असें त्याच्या वाचनांत आलें आणि त्यानें घरांत तोच एक ध्यास धरला. या जोडीची किंमत त्या वेळीं सुमारें शंभर डॉलर होती. दुधाच्या धंद्यावर चालणाऱ्या शेतकरी कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हती. बाप कष्टाळू व व्यवहारी. आकाशांतून फुकट पडणाऱ्या वस्तूचें चित्र काढण्यासाठीं एवढा पैसा घालावा, हें त्याला शेवटपर्यंत पटलें नाहीं. तथापि आईनें गळ घातली आणि यंत्र घरांत आलें. गाईंच्या धारा, चारा, लांकडें, बटाट्यांची लागवड, यांतील एकहि काम मुलाला त्यामुळें माफ झालें नाहीं. हिम पडूं लागलें म्हणजे इतर कामांतून मिळेल तेवढाच वेळ त्याचा.

पहिला हिंवाळा सगळा फुकट गेला. प्लेटवर उतरे ती धूसर सांवली. चुकत चुकत त्याच्या ध्यानांत आलें कीं भिंगांतून प्रकाश आंत येण्याचें छिद्र अगदीं बारीक ठेवावें आणि प्रकाश अधिक वेळ पडूं द्यावा, म्हणजे स्फटिकाच्या कडा स्वच्छ येतात. १५ जानेवारी १८८५ रोजीं बाहेर हिम पडत असतांना त्यानें घेतलेली प्लेट धुतली, आणि तीवर हिमकणाची आकृति सर्वांगानें उमटलेली दिसली. विसावें वर्ष पुरें होण्यास त्याला अद्याप कांहीं दिवस होते. त्या यंत्रापुढें गुडघे टेंकावेत असें त्या क्षणीं वाटल्याचें त्यानें पुढें सांगितलें आहे.

त्याची कृति समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यांत यंत्रापेक्षां हाताचाच भाग मोठा. घराच्या एका न तापविलेल्या खोलींत यंत्र मांडलेलें असे. आडवें, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आकाशाचा उजेड हिमकणाच्या आरपार जाऊन भिंगांत शिरेल असें. यंत्र, कांचा, काड्या, सारें कांहीं बाहेरच्या हवेइतकेंच थंड झालेलें असलें पाहिजे. एक वस्तु जरी उबदार राहिली तरी काम फसलें. हातांत जाड मोजे घालून तो एक काळी फळी पडत्या हिमांत धरी. फळीवर कण पडले कीं आंत येऊन ते भिंगानें न्याहाळी. तुटलेले, एकमेकांत गुंतलेले कण पिसानें झटकून टाकी आणि फळी पुन्हां बाहेर धरी. मनाजोगा कण सांपडला म्हणजे केरसुणीच्या काडीसारख्या बारीक काडीनें तो अलगद उचलून कांचेवर ठेवी आणि पिसाच्या टोंकानें हलकेंच दाबून सपाट बसवी. या सर्व वेळांत श्वास रोखलेला, किंवा तोंड एका बाजूस वळविलेलें. उच्छ्वासाची एक झुळूक त्या ताऱ्याचा थेंब करण्यास पुरेशी होती. मग कांच यंत्रांत बसवावयाची, केंद्र साधावयाचें आणि प्लेट उघडावयाची. कॅमेऱ्याचा भाता इतका लांब होई कीं मागें उभें राहून पुढील भिंगाचा खिळा फिरविण्यास हात पुरत नसे. त्यासाठीं त्यानें दोरी व चाकें लावून स्वतःच एक युक्ति योजिली होती. आणि हें सारें मोजक्या वेळांत उरकावें लागे, कारण थंडींतसुद्धां हिमकण टिकून राहत नाहीं. तो न वितळतांहि झिजतो. बर्फाची पुन्हां वाफ होऊं लागते, टोंकें बोथट होतात, बारीक नक्षी पुसट होते.

याप्रमाणें सत्तेचाळीस हिंवाळे त्यानें काढले, आणि यंत्र अखेरपर्यंत तेंच, बापानें नाखुषीनें घेऊन दिलेलें. पांच हजारांहून अधिक छायाचित्रें त्यानें घेतलीं. कोणत्या दिवशीं, किती थंडींत, वादळाच्या कोणत्या भागांत कोणता आकार पडला, याच्या नोंदीहि तो ठेवी. त्यावरून हिमकणाच्या आकाराचा ढगांतील उष्णमानाशीं संबंध असला पाहिजे असें त्याचें मत झालें. १८९८ मध्यें व्हरमाँट विद्यापीठांतील प्राध्यापक पर्किन्स यांच्या साहाय्यानें त्याचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. शाळांना व विद्यापीठांना तो कांचेवरील चित्रें पांच पांच सेंटांना देत असे. गांवच्या लोकांना मात्र या उद्योगाचें विशेष कौतुक नव्हतें; हिमाला तेथें काय तोटा!

परंतु त्याच्या कामावर खरा प्रहार झाला तो दुरून, आणि एका जाणत्या माणसाकडून. बेंट्ले आपलीं चित्रें छापण्यापूर्वीं त्यांवर एक संस्कार करीत असे. हिमकण पारदर्शक, पाठीमागें उजेडहि पांढरा. त्यामुळें सरळ छापलेल्या चित्रांत पांढऱ्यावर पांढरें असें कांहींसें दिसे. म्हणून तो मूळ प्लेटची दुसरी प्रत करी आणि त्या प्रतीवरील हिमकणाच्या सभोंवारचा लेप चाकूच्या टोंकानें कडेकडेनें खरवडून काढी. खरवडलेला भाग छापतांना काळा येई, आणि त्या काळ्यावर शुभ्र तारा झळके. हें काम करण्यांत तासच्या तास जात. बर्लिन येथें गुस्टाव हेलमान नांवाचा हवामानशास्त्राचा मोठा अभ्यासक होता. त्यानें १८९३ मध्यें डॉ. नॉयहाउस याच्या छायाचित्रांसह हिमस्फटिकांवर पुस्तक काढलें होतें, आणि त्या छायाचित्रांतील हिमकण बेंट्लेच्या हिमकणांसारखे रेखीव नव्हते. कोणाचा एक पंख आंखूड, तर कोणाची एक बाजू भरलेली आणि दुसरी ओकी. बेंट्लेनें चाकूनें कडा छाटून आकृतींचें रूपच बदलून टाकलें आहे, असा आरोप हेलमाननें केला. छायाचित्राची सारी किंमत त्याच्या साक्षीपणांत. आणि साक्षीदार खोटा ठरला तर चित्र कितीहि सुंदर असलें तरी त्याचा उपयोग काय?

बेंट्लेचें उत्तर असें होतें कीं खरवडण्यानें हिमकणाच्या अंगास धक्का लागत नाहीं. उलट जो आकार निसर्गांत आहे तोच स्पष्ट दिसावा म्हणून हा खटाटोप. मूळ प्लेटी त्यानें जपून ठेवल्या होत्या, आणि ताडून पाहण्यास त्या आजहि आहेत. त्यानें नक्षी बनविली नाहीं, हें त्याच्या बाजूनें निःशंक म्हणतां येतें. तथापि हेलमानच्या शंकेंत एक खरी गोष्ट दडलेली होती, आणि तिचा संबंध चाकूशीं नव्हता, पिसाशीं होता. तुटके, वांकडे, एकांगी कण बेंट्ले फळीवरूनच झटकून टाकीत असे. पांच हजार चित्रें खरीं. पण जे लाखों कण कांचेपर्यंत पोंचलेच नाहींत, त्यांची साक्ष त्या चित्रांत नव्हती. डोळ्याला जें सुंदर वाटलें तेवढेंच टिपलें गेलें. खोटें न सांगतांहि अर्धेंच सांगितलें जातें, तें असें.

१९३१ मध्यें अमेरिकेच्या हवामान खात्यांतील शास्त्रज्ञ हम्फ्रीज यांच्या प्रस्तावनेसह बेंट्लेच्या चित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत दोन हजार चारशेंहून अधिक चित्रें आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हिमाच्या वादळांतून कित्येक मैल पायीं चालून तो घरीं परतला, त्यास न्यूमोनिया झाला, आणि २३ डिसेंबर रोजीं त्याच घरांत त्याचा अंत झाला.

तो ग्रंथ जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटांत साप्पोरो येथील विद्यापीठांत पोंचला आणि उकिचिरो नाकाया या तरुण प्राध्यापकाच्या हातीं पडला. नाकाया पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. परंतु परमाणुविषयक संशोधनास लागणारीं साधनें तेथें नव्हतीं. साधन नसलें तरी साप्पोरोस हिम अमाप होतें. बेंट्लेच्या चित्रांनीं त्याचें मन वेधलें. त्यानें तोकाची पर्वतावरील एका लांकडी झोंपडींत सूक्ष्मदर्शक व कॅमेरा मांडून तीन हजारांवर छायाचित्रें घेतलीं. मात्र बेंट्लेनें झटकून टाकलेले कणहि त्यानें घेतले. सुयांसारखे, खांबासारखे, खांबाच्या दोन्ही टोंकांस चकत्या बसविलेले, वेडेवांकडे, थिजलेल्या थेंबांनीं माखलेले, अशा सर्वांची त्यानें वर्गवारी लावली. तेव्हां कळलें कीं रेखीव सहा पंखांचा तारा हा हिमाच्या कुळांतील अपवाद आहे, नियम नव्हे.

एवढ्यावर न थांबतां नाकायानें हिमकण प्रयोगशाळेंत तयार करण्याचें मनावर घेतलें. हवेंत तरंगणारा कण खोलींत धरून ठेवण्यास कांहींतरी आधार पाहिजे होता. सूत, रेशीम, लोंकर, निरनिराळे केंस वापरून झाले. बहुतेकांवर सुरवंटाच्या अंगावरील केंसांसारखें दंव जमे. अखेर सशाचा केंस उपयोगी पडला. त्या केंसावर थोड्या थोड्या अंतरानें जे सूक्ष्म उंचवटे असतात तेथेंच तेवढे स्फटिक धरूं लागले, आणि १२ मार्च १९३६ रोजीं माणसानें घडविलेला पहिला हिमकण सशाच्या केंसावर उमलला. मग थंडी आणि वाफ यांचें प्रमाण कमीजास्त करून कोणत्या परिस्थितींत कोणता आकार येतो, याचा नकाशाच त्यानें तयार केला. शून्याखालीं दोन अंश सेंटिग्रेडच्या आसपास चकत्या, पांचच्या आसपास सुया व खांब, पंधराच्या आसपास भरपूर वाफ असल्यास तो प्रसिद्ध पिसांचा तारा. जमिनीवर पडलेला हिमकण पाहून वरच्या हवेंत किती थंडी व किती ओल होती हें आतां वाचतां येऊं लागलें. जेरिकोच्या शेतकऱ्यानें वहींत नोंदविलेला अंदाज मुळांत बरोबर होता, असें या नकाशानें सिद्ध झालें.

दोन हिमकण कधींच सारखे नसतात हें वाक्य बेंट्लेच्या नांवाबरोबर जगभर पसरलें आहे. त्यालाहि थोडी मुरड घालावी लागते. मोठ्या, नक्षीदार ताऱ्यांच्या बाबतींत तें व्यवहारतः खरें आहे, कारण प्रत्येकाचा ढगांतील प्रवास निराळा. परंतु लहान व साध्या खांबांची गोष्ट वेगळी. १९८८ मध्यें नॅन्सी नाइट या अमेरिकन संशोधिकेनें विमानांतून गोळा केलेल्या कणांपैकीं दोन खांब एकमेकांसारखे दिसतात असें छायाचित्रानिशीं दाखवून दिलें.

आज या छंदासाठीं फार भारी साधनें लागतात असें मात्र नाहीं. थंड प्रदेशांतील हौशी लोक जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर कॅमेरा बसवून, किंवा जुन्या कॅमेऱ्याचें सुटें भिंग उलटें लावून उत्तम चित्रें घेतात. साधें भिंग उलटें बसविलें कीं जवळची वस्तु मोठी करून दाखवितें. मॉस्को येथील अलेक्सेई क्ल्याटोव्ह यानें एका साध्या लहान कॅमेऱ्यापुढें हेलिओस या जातीचें जुनें सोव्हिएट भिंग उलटें लावून, घराच्या सज्जांत, गडद लोंकरी कापडावर पडलेल्या हिमकणांचीं जीं चित्रें घेतलीं तीं सर्व जगानें पाहिलीं आहेत. वस्तु इतकी मोठी दिसूं लागली म्हणजे तिचा अगदीं पातळ थरच स्पष्ट येतो. म्हणून आतां एकाच कणाचीं अनेक चित्रें थोड्या थोड्या अंतरानें घेऊन तीं यंत्राकडून जुळवितात. परंतु यंत्र आधीं तासभर बाहेर ठेवून थंड करणें, कण काडीनें उचलणें आणि श्वास रोखणें, ही बेंट्लेची शिस्त अद्याप कोणासच चुकलेली नाहीं.

मुंबई-पुण्याच्या घरांत हिमकण येण्याची आशा नाहीं. पण बेंट्लेचा एक दुसरा प्रयोग येथील कोणत्याहि घरांत करतां येण्यासारखा आहे. हिंवाळा संपला कीं तो पावसाच्या थेंबांकडे वळे. पसरट भांड्यांत चाळलेलें पीठ सुमारें इंचभर जाड पसरून तें तो पावसांत कांहीं सेकंद धरी. प्रत्येक थेंबाची पिठांत एक गोळी होई; ती वाळली कीं मोजावयाची. माहीत असलेल्या मापाचे थेंब पिठांत टाकून गोळी व थेंब यांचें प्रमाण त्यानें आधींच ठरविलें होतें. १८९८ ते १९०४ या काळांत अशा ३४४ नोंदी करून त्यानें थेंबांच्या आकारांवर लेख लिहिला, आणि पावसाच्या थेंबांचा अभ्यास करणारे त्या लेखाला आजहि मान देतात.

मृगाच्या पहिल्या सरींत परातींत पीठ घेऊन मुलांनीं ती क्षणभर अंगणांत धरावी. तुरीच्या दाण्याएवढी गोळी येईल, मोहरीएवढी येईल, राळ्याएवढीहि येईल. फळीवर निवड करणाऱ्या बेंट्लेनें येथें मात्र कांहींच झटकलें नाहीं. परातींत आलेली लहानमोठी प्रत्येक गोळी त्यानें मोजली आणि वहींत लिहून ठेवली.